छोट्या ऑनलाइन ट्युटोरियल्समधून व्हिडिओ शूटिंग आणि एडिटिंग शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन शिकणारे जे प्रश्न परत परत विचारतात तेच इथे घेतलेत. ओळीने वाचायलाच पाहिजे असं काही नाही, ज्यात अडकलाय तो प्रश्न आधी बघा.

दोन-तीन मिनिटांच्या ट्युटोरियलमधून खरंच काही शिकता येतं का?

येतं, आणि चांगलं येतं, फक्त त्या छोट्या व्हिडिओकडून काय मागायचं हे कळलं पाहिजे. एका छोट्या व्हिडिओत एकच कृती नीट शिकवता येते. फोकस लॉक कसा करायचा, कीफ्रेम (या क्षणी ही किंमत, अशी टाइमलाइनवर केलेली खूण) टाकून झूम कसा आणायचा, आवाजातली घरघर कशी कमी करायची, मास्क (चित्राचा ठरावीक भाग वेगळा करणारी रेघ) कसा काढायचा, या गोष्टींना दोन मिनिटं भरपूर झाली, तासाभराच्या लेक्चरमध्ये ती एक गोष्ट शोधत बसण्यापेक्षा हे बरंच. जे तिथे मावत नाही ते म्हणजे निर्णय. हा शॉट इथेच का, कट आत्ताच का, झूमची गरज तरी होती का, हे तुमच्या फुटेजवर अवलंबून असतं आणि तुमचं फुटेज शिकवणाऱ्याने बघितलेलंच नसतं. म्हणून माझं मत असं की कृती ट्युटोरियलमधून घ्या आणि निर्णय घ्यायला स्वतःच्या एक-दोन मिनिटांच्या फिल्म पूर्ण करून शिका. पूर्ण करून यावर माझा भर आहे, कारण आवाजाची गडबड, कमी पडलेला शॉट, एक्स्पोर्टचा, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढण्याचा गोंधळ हे सगळं शेवटच्या टप्प्यावरच समोर येतं.

बघताना सगळं समजतं, पण सॉफ्टवेअर उघडलं की काहीच आठवत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

अजिबात नाही, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. समोर दिसतंय ते ओळखणं आणि काहीच समोर नसताना आठवून करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ट्युटोरियल बघताना आपण फक्त पहिलं करत असतो. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात दिसलं की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांतच सगळ्यात जास्त असतो. म्हणजे रात्री सात ट्युटोरियल बघून झोपलात तर सकाळी त्यातलं फारसं हाताशी राहणार नाही.

यावर उपाय साधा आहे पण करावा लागतो. व्हिडिओ एकदा न थांबवता बघा. मग तो बंद करा, खरंच बंद करा, बाजूच्या खिडकीत चालू ठेवायचा नाही. आता तीच गोष्ट स्वतःच्या क्लिपवर आठवून करायचा प्रयत्न करा. जिथे अडकाल तेवढाच भाग परत उघडून बघा. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न बघता वेगळ्या क्लिपवर तेच करा, आणि आठवड्याने परत एकदा. अडकणं त्रासदायक वाटतं पण आठवायचा जो प्रयत्न होतो ना त्यातूनच ती गोष्ट हातात बसते. आणि शिकवणाऱ्याने दिलेल्या प्रॅक्टिस फाइल्सवर थांबू नका, त्या फाइल्स त्या ट्रिकसाठीच निवडलेल्या असतात, तुमचं फुटेज तसं नसणार.

ट्युटोरियल बघताना मागे-पुढे करण्यात फार वेळ जातो, काही सोपी पद्धत?

यूट्यूब कॉम्प्युटरवर बघत असाल तर कीबोर्ड वापरा. के (K) दाबलं की थांबतं किंवा चालू होतं, जे (J) दाबलं की १० सेकंद मागे आणि एल (L) दाबलं की १० सेकंद पुढे जातं. थांबवलेल्या व्हिडिओवर स्वल्पविरामाची की दाबली तर एक फ्रेम मागे आणि पूर्णविरामाची दाबली तर एक फ्रेम पुढे. याचा दुसरा फायदा मला जास्त मोठा वाटतो, कारण बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येही जे-के-एल याच तीन की असतात, जे उलट चालवायला, के थांबवायला, एल पुढे चालवायला, आणि आय-ओ (I, O) या दोन की क्लिपची सुरुवात आणि शेवट ठरवायला. पहिल्या दिवसापासून या पाच की वापरल्यात तर माउसने टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडायची पट्टी) ओढत बसायची सवयच लागत नाही.

आधी शूटिंग शिकू की एडिटिंग?

दोन्ही एकत्र, पण अगदी छोट्या मापात. सकाळी पाच-सहा शॉट घ्या, संध्याकाळी जोडा. एडिटला बसल्यावर जे कमी पडतं तेच उद्याचं शूटिंग शिकवतं. नुसतं शूटिंग महिनाभर करत राहिलात तर तीच कमतरता सगळ्या फुटेजमध्ये जमा होते आणि मग ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

फोनवर शिकलं तर चालेल का? कॅमेरा कधी घ्यावा?

चालेल, अगदी व्यवस्थित चालेल. फोनवर चार गोष्टी आधी करा. लेन्स पुसा. ग्रिड चालू करा. स्क्रीनवर विषयावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ येतं ते) लॉक करा, नाहीतर कोणी फ्रेममध्ये आलं की उजेड वर-खाली होतो आणि ते एडिटमध्ये सुधारणं कटकटीचं आहे. आणि चिमटीने झूम करायच्या ऐवजी दोन पावलं पुढे जा, कारण लेन्सच्या पलीकडचा झूम म्हणजे चित्र कापून मोठं करणं, त्यात बारकावे जातात.

कॅमेरा कधी घ्यायचा तर ज्या दिवशी तुम्हाला नेमकं सांगता येईल की फोन कुठे कमी पडतोय. "अंधारात फार ग्रेन (दाणेदारपणा) येतोय", "लांबून चेहरा पाहिजे पण तेवढी लांब लेन्स नाही", "बाहेरचा माइक लावून रेकॉर्डिंगची लेव्हल हाताने ठरवता येत नाही", असं काहीतरी ठोस. "माझे व्हिडिओ सिनेमासारखे दिसत नाहीत" हे कारण पुरेसं नाही, त्याचं उत्तर बहुतेक वेळा उजेडात आणि फ्रेममध्ये असतं.

फ्रेम रेट, शटर, आयएसओ, प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. नक्की काय धरायचं?

इथे गोंधळ होण्याचं कारण एकच, आकडे सांगितले जातात आणि कारण गाळलं जातं. कारण कळलं की आकडा तुमचा तुम्हाला काढता येतो.

फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं. सिनेमाची पद्धत २४ची, टीव्हीची काही देशांत २५ची तर काही देशांत ३०च्या जवळची, आणि हा टीव्हीचा फरक आला तो तिथल्या विजेच्या फ्रिक्वेन्सीमुळे, कुठे ५० हर्ट्झ तर कुठे ६०. शटर स्पीड म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सेन्सर किती वेळ उजेड घेतो. सर्वसाधारण नियम असा की शटर हा फ्रेम रेटच्या दुप्पट आकड्याचा ठेवा, म्हणजे २५ फ्रेमला सेकंदाचा १/५०, ३०ला १/६०. त्याने हालचालीत जेवढी धूसरता डोळ्याला सवयीची आहे तेवढी येते. शटर फार वेगवान झाला, समजा १/१०००, तर चालणारा माणूससुद्धा तुटक तुटक दिसतो.

आता दिव्यांचं बघा. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला ते दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं, म्हणून तिथे १/५० किंवा १/१०० ठेवलं की लुकलुक जाते. ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२०. दुसऱ्या देशातल्या माणसाचं ट्युटोरियल बघून त्याची सेटिंग जशीच्या तशी लावली आणि फुटेजमध्ये पट्टे फिरायला लागले, तर बहुतेक वेळा गडबड इथेच असते.

फोनवर आणखी एक अडचण येते. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याचं भोक, बदलता येत नाही, त्यामुळे भर उन्हात उजेड कमी करायला फोन शटरच वाढवत नेतो. तिथे लेन्ससमोर एनडी फिल्टर लावतात, तो म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच. आयएसओ, म्हणजे कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा, मात्र शेवटी वाढवायचा, आधी खिडकी उघडा, दिवा जवळ आणा, आणि तरीही अंधारच असेल तर मग आयएसओ.

स्लो मोशन एडिटमध्ये केलं तर अडखळत का दिसतं?

कारण चित्रंच कमी आहेत. १२० फ्रेमने शूट करून २४च्या टाइमलाइनवर लावलं तर पाचपट संथ होतं आणि तरी सेकंदाला २४ खरी चित्रं मिळतात. २४ने शूट करून पाचपट संथ केलं तर सॉफ्टवेअरला पाचातली चार चित्रं एकतर परत दाखवावी लागतात नाहीतर अंदाजाने बनवावी लागतात. स्लो मोशन पाहिजे की नाही हे शूट करतानाच ठरवा.

शॉट फार हलतो. गिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा दांडा) घेऊ का?

आधी काहीच न घेता सुधारता येतं तेवढं सुधारा. दोन्ही हातांनी धरा, कोपर अंगाला टेकवा, भिंतीला किंवा खांबाला टेका. शॉट किमान दहा सेकंद धरा आणि पॅन करायचाच असेल तर सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन सेकंद कॅमेरा स्थिर ठेवा, कटला जागा तिथेच मिळते. सॉफ्टवेअरमधलं स्टॅबिलायझेशन चित्राच्या कडा कापतं, म्हणून फ्रेम थोडी मोकळी घ्या, आणि कमी उजेडात संथ शटरवर हललेला शॉट नंतर स्थिर केला तरी त्यातली धूसरता तशीच राहते.

एक सराव सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं. सिनेमाच्या अगदी सुरुवातीला, १८९५ साली, फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी दाखवलेल्या फिल्म्स साधारण ५० सेकंदांच्या होत्या, कारण रिळाची लांबी तेवढीच होती, आणि कॅमेरा स्टँडवर एका जागी असायचा. तेच बंधन स्वतःवर घाला. कॅमेरा कुठेतरी पक्का ठेवा, ५० सेकंद, एकच शॉट, कट नाही झूम नाही, आणि त्या ५० सेकंदांत बघणाऱ्याला बांधून ठेवेल असं काहीतरी फ्रेममध्ये घडलं पाहिजे. कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी चालू करायचा, माणसं फ्रेममध्ये कुठून येतील, एवढंच आपल्या हातात उरतं, आणि फ्रेमकडे बघायची नजर यातून जितकी तयार होते तितकी कुठल्या इफेक्टच्या ट्युटोरियलमधून होत नाही.

एडिटला बसलं की शॉट कमी पडतात. शूट करताना काय लक्षात ठेवायचं?

एखादं काम चालू असेल, समजा कोणी सायकल दुरुस्त करतंय, तर किमान पाच शॉट घ्या. हातांचा क्लोज-अप, चेहऱ्याचा क्लोज-अप, जागा आणि माणूस दोन्ही दिसेल असा वाइड, खांद्यावरून दिसणारा, आणि एक असा कोन जो सहसा कोणी घेत नाही, अगदी जमिनीवरून किंवा चाकाच्या आऱ्यांमधून. या पाच शॉटवर एक छोटा सीन आरामात उभा राहतो.

दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेघ आहे असं समजा आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूने घ्या, याला १८० अंशांचा नियम म्हणतात. रेघ ओलांडलीत तर कट केल्यावर दोघंही एकाच दिशेला बघतायत असं वाटतं आणि बघणारा गोंधळतो. आणि एकाच विषयाचे लागोपाठ दोन शॉट घेताना कॅमेरा किमान ३० अंश सरकवा किंवा शॉटचं माप स्पष्टपणे बदला, नाहीतर तो कट झटका बसल्यासारखा लागतो.

चित्र छान येतं पण आवाज अगदी वाईट. महागडा माइक लागेल का?

माइकच्या किमतीपेक्षा माइक किती जवळ आहे हे जास्त मोलाचं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज पडतो तेव्हा खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते, म्हणून लांबून घेतलेला आवाज पोकळ लागतो. साधा कॉलर माइक छातीशी लावला किंवा दुसरा फोन खिशात ठेवून त्यात आवाज रेकॉर्ड केला तरी कॅमेऱ्याच्या लांबच्या माइकपेक्षा पुष्कळ चांगलं मिळतं. दोन वेगळी रेकॉर्डिंग जुळवायला सुरुवातीला फ्रेममध्ये एक टाळी वाजवा, टाळीचा टोकदार आवाज आणि हात भिडल्याची फ्रेम एकमेकांवर ठेवली की झालं.

लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नसतं, तिथे आवाज फाटला की फाटला, तो नंतर पूर्ण दुरुस्त होत नाही. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली जातात ते) व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ. हेडफोन लावूनच रेकॉर्ड करा. आणि शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करा, एडिट करताना दोन वाक्यांच्या मधला तुकडा काढला की तिथे एकदम मुकी पोकळी येते, ती भरायला हाच आवाज लागतो. छोट्या ट्युटोरियलमध्ये आवाजाचा विषय फार कमी येतो कारण आधी-नंतरचा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो तुम्हाला मुद्दाम शोधून शिकावा लागेल. शिकाच. बघणारे थोडं धूसर चित्र सहन करतात, न समजणारा आवाज नाही.

सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

कॉम्प्युटर बऱ्यापैकी असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, तिच्यात अल्ट्रा एचडीपर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट होतं आणि शिकण्यासाठी जे लागतं ते जवळजवळ सगळं आहे. मशीन जुनं असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. ॲपलचं उपकरण असेल तर आयमूव्ही. प्रीमियर प्रो सबस्क्रिप्शनवर मिळतं, काम करताना ऑफिसात तेच लागणार असेल तर तेव्हा शिका. एक घ्या आणि सहा महिने बदलू नका. कट, ट्रिम, कीफ्रेम, मास्क, ऑडिओ लेव्हल या कल्पना सगळीकडे त्याच असतात, एकात हात बसला की दुसऱ्यात फक्त बटणांच्या जागा शोधायच्या राहतात.

ट्युटोरियलमध्ये दाखवलेलं बटण माझ्याकडे नाहीच!

आवृत्ती वेगळी असते. ट्युटोरियल कधी टाकलंय आणि त्यात कोणती आवृत्ती आहे ते आधी बघा. मेनू बदलतात पण त्या सोयीचं नाव सहसा बदलत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या हेल्पमध्ये ते नाव टाकून शोधा. खालच्या कमेंट्समध्येही बऱ्याचदा कोणीतरी नवीन जागा लिहून ठेवलेली असते.

कट नक्की कुठे मारायचा, हे कोणीच का सांगत नाही?

कारण याला एक सेटिंग नाही. पण काही गोष्टी नक्की सांगता येतात, आणि मला विचाराल तर एडिटिंगचा सगळा आनंद इथेच आहे.

साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशोव या सोव्हिएत दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा, आणि तोच शॉट वेगवेगळ्या शॉट्सना जोडून दाखवला, सुपाची वाटी, शवपेटी, एक स्त्री. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक, कधी दुःख, कधी ओढ दिसली असं सांगतात. चेहरा तोच होता, अर्थ तयार झाला तो जोडणीतून. हे तुम्ही आजच करून बघू शकता, कोणाचाही काही भाव नसलेला दहा सेकंदांचा शॉट घ्या आणि त्याला तीन वेगळे शॉट जोडून तीन वेगवेगळ्या माणसांना दाखवा.

कटसाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे हालचालीच्या मधोमध. माणूस खुर्चीवर बसायला लागला, बसण्याच्या मध्ये कट करून दुसऱ्या कोनातून बसणं पूर्ण दाखवा, डोळा हालचालीच्या मागे जातो आणि कट जाणवत नाही. त्यासाठी शूट करताना ती कृती दोन्ही कोनांतून पूर्ण घेतलेली पाहिजे, हे वेगळं सांगायला नको. मग जे-कट आणि एल-कट शिका. जे-कटमध्ये पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी येतो, एल-कटमध्ये आधीच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळतो. संभाषणात चित्र आणि आवाज दर वेळी एकत्रच कापले तर सीन यांत्रिक वाटतो, हे दोन कट शिकल्यावर तुमचं एडिटिंग एका आठवड्यात बदललेलं तुम्हालाच दिसेल.

आणि एक सराव. आवडता सीन आवाज बंद करून बघा, प्रत्येक कटला थांबा आणि वहीत लिहा की या कटने नवीन काय कळलं. मग चित्र न बघता नुसता आवाज ऐका. फिरत्या, चमकत्या ट्रान्झिशनचे ट्युटोरियल ढिगाने मिळतात म्हणून त्या फार गरजेच्या आहेत असं वाटायला लागतं, पण असा एखादा सीन मोजून बघा, बहुतेक ठिकाणी साधा कटच दिसेल.

टाइमलाइन अडखळत चालते आणि कधी कधी आवाज ओठांशी जुळत नाही.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. अडखळण्याचं कारण असं की एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या प्रकारांत जागा वाचवायला बऱ्याच फ्रेममध्ये फक्त शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवलेलं असतं, त्यामुळे एक फ्रेम दाखवायला कॉम्प्युटरला आधीच्या कितीतरी उलगडाव्या लागतात. उपाय म्हणजे प्रॉक्सी, म्हणजे त्याच क्लिपच्या हलक्या प्रती करून त्यावर एडिट करायचं आणि एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरतं.

आवाज हळूहळू सरकत असेल तर बहुधा फोनने फ्रेम रेट बदलता ठेवून रेकॉर्ड केलंय. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेम रेटचा पर्याय निवडून क्लिप बदलून घ्या, मग एडिटला आणा.

लट (LUT, म्हणजे रंग एकदम बदलणारी तयार फाइल) टाकला की चेहरा नारिंगी होतो, असं का?

कारण तो लट बहुतेक एखाद्या ठरावीक कॅमेऱ्याच्या लॉग फुटेजसाठी, म्हणजे मुद्दाम फिकट रेकॉर्ड केलेल्या फुटेजसाठी बनवलेला असतो आणि तुमचं फुटेज आधीच रंगलेलं असतं, म्हणजे कॉन्ट्रास्ट आणि रंग दोनदा चढतात. क्रम असा ठेवा: आधी एक्स्पोजर, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल), मग सगळे शॉट एकमेकांशी जुळवणं, आणि लुक सगळ्यात शेवटी. दिवसाचा उजेड ५६०० केल्विनच्या आसपास धरतात आणि जुन्या पिवळ्या दिव्याचा ३२००, दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडत असतील तर शूट करतानाच एक बंद करा. आणि डोळ्यांवर पूर्ण विसंबू नका, डोळे पाच मिनिटांत चुकीच्या रंगालाही सरावतात. वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप (उजेड आणि रंग मोजून दाखवणारे आलेख) उघडे ठेवा, व्हेक्टरस्कोपवर त्वचेच्या रंगासाठी एक रेघ असते आणि गोऱ्या-काळ्या सगळ्या त्वचा साधारण त्या रेघेच्या आसपासच येतात.

चांगलं ट्युटोरियल ओळखायचं कसं?

कच्चं फुटेज आधी दाखवतात का बघा. कारण सांगतात का, आणि ही पद्धत कुठे चालत नाही हे सांगतात का, हे तर नक्की बघा. "ही सेटिंग लावा आणि सिनेमॅटिक मिळवा" एवढंच असेल आणि शेवटी प्रीसेट (तयार सेटिंग) विकायला काढले असतील तर पुढे जा. दाखवणाऱ्याचं स्वतःचं एखादं पूर्ण काम शोधून बघा, त्यात ती पद्धत वापरलेली दिसली तर विश्वास ठेवायला जागा आहे. एकाच विषयावर दोन वेगळ्या माणसांचे व्हिडिओ बघणंही चांगलं, दोघं जिथे वेगळं बोलतात तिथेच नेमकं काहीतरी समजून घेण्यासारखं असतं.

गाणं वापरलं आणि क्रेडिट दिलं तर चालतं ना?

नाही. क्रेडिट म्हणजे परवानगी नाही, आणि "दहा सेकंदांपर्यंत चालतं" असाही काही नियम नाही. यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचं, म्हणजे ठरावीक अटींवर फुकट वापरू दिलेलं संगीत आहे, ते वापरा, पण परवाना वाचून. काहीत नाव देणं बंधनकारक असतं, काहीत व्यावसायिक वापर चालत नाही, आणि ज्या परवान्यात बदल करायला मनाई असते ते संगीत व्हिडिओला जोडणंसुद्धा बदलातच धरतात.

उभा शूट करू की आडवा?

कुठे दाखवायचंय ते आधी ठरवा. उभ्यासाठी १०८० बाय १९२०, आडव्यासाठी १९२० बाय १०८०. आडवं शूट करून मधला भाग कापून उभं करता येतं पण दोन माणसांच्या शॉटमध्ये एक जण हमखास बाहेर जातो.

एक्स्पोर्टला काय ठेवू, आणि फुटेज किती दिवस जपू?

फाइल एमपी४, चित्र एच.२६४ प्रकारात, आवाज एएसी प्रकारात, फ्रेम रेट टाइमलाइनचाच. यूट्यूबची स्वतःची शिफारस २४ ते ३० फ्रेमच्या १०८०पी व्हिडिओला ८ मेगाबिट प्रति सेकंद आणि ४के व्हिडिओला ३५ ते ४५ अशी आहे. एक्स्पोर्ट झालेली फाइल एकदा फोनच्या स्पीकरवर आणि एकदा हेडफोनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, मगच टाका.

साठवणुकीचा हिशोब सोपा आहे, १०० मेगाबिट प्रति सेकंदाने रेकॉर्ड केलेलं एक मिनिट म्हणजे ७५० मेगाबाइट. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, अशी पद्धत पाळतात. शिकतानाचं सगळं फुटेज जपायची गरज नाही, पण पूर्ण केलेल्या प्रत्येक फिल्मची मूळ फाइल आणि प्रोजेक्ट नक्की ठेवा.

माझं काम सुधारतंय का हे कोणाला विचारू?

"कसा वाटला?" असं विचारलं की सगळे छान म्हणतात, त्याचा उपयोग होत नाही. एखाद्याला काहीही न सांगता व्हिडिओ लावून द्या आणि स्क्रीनकडे न बघता त्याच्याकडे बघा. कुठे तो हलला, कुठे फोनकडे नजर गेली, कुठे कपाळावर आठी आली, त्या वेळा लिहून घ्या. मग विचारा की काय घडलं ते सांग. त्याने सांगितलेली गोष्ट आणि तुमच्या मनातली गोष्ट जिथे वेगळी झाली ती जागा टाइमलाइनवर शोधा, पुढचं ट्युटोरियल त्या अडचणीवरचं निवडा आणि तोच सीन पुन्हा कापा.